पाइपलाइन आणि सावडीचे दिवस

माझ्या वडिलांचं महाडच्या बाजारपेठेत घासलेटचं दुकान होतं. पत्र्याचे चौकोनी डबे खाडीतून गलबतावर दासगावला उतरायचे, तिथून बैलगाडीने महाडात यायचे आणि आमच्याकडे मापाने विकले जायचे. माझ्या परकराला, दप्तराला, वेणीला, सगळ्याला तो वास. शाळेत मुली शेजारी बसताना नाक मुरडायच्या. मीही काही कमी नव्हते. म्हणायचे, "तुमच्या घरी दिवा लागतो ना, तो माझ्याच वासाने लागतो."

तिखटपणा तेव्हापासूनचा. लग्नानंतर तो कमी होईल असं आईला वाटत होतं. कमी झाला नाही, फक्त ऐकायला कुणी उरलं नाही.

सातवी पास झाले आणि लग्न ठरलं. पोलादपूरच्या वर, उमरठकडे जाणाऱ्या वाटेवर एक सहा घरांची वाडी आहे, तिथे मला दिलं. खाली ओढ्याकाठी भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी आणि वरी. नवरा शाळेत गेलेला नव्हता, पण अंगाने धडधाकट, निर्व्यसनी, आणि सासू आधीच वारलेली. "सासू नाही म्हणजे राज्यच आहे पोरीला," असं माझी मावशी सगळ्यांना सांगत सुटली. सासरे होते, तेही वर्षभरात गेले. राज्य मिळालं खरं, पण त्यात प्रजा नव्हती.

आमचे हे लग्नाच्या आधीपासूनच मुंबईला जाऊन येऊन असायचे. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या बाजूला तेव्हा तेल शुद्ध करण्याचे मोठमोठे कारखाने उभे राहत होते. तिथे नळ वाहायच्या कामावर हे लागले. बंदरापासून कारखान्यापर्यंत पाइपलाइन टाकायची होती. कारखाने झाले, तिथली लाइन झाली, तसं मुकादमाने विचारलं, पुढच्या कामाला येतोस का? पुढचं काम आसामात होतं. तिकडे जमिनीतून तेल काढत होते आणि ते शेकडो मैल नळातून न्यायचं होतं.

"एक लाइन झाली की येतो," हे म्हणाले. "मग शेतीच करायची. नळ बास."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्यानंतरची नऊ वर्षं मी एकाच गोष्टीची वाट पाहिली, की माझा माणूस कायमचा घरी यावा. दुसरं काही मागितलं असेल तर मला आठवत नाही. मूलही मागितलं नाही. मूल व्हायला आधी माणूस घरी लागतो.

हे यायचे शिमग्याला, आठ-दहा दिवस. वाडीतली माणसं ओटीवर जमायची आणि हे अंगणात काठीने रेघ मारून दाखवायचे. "इथं तेल निघतं. इथं कारखाना. मदी नदी हाय, जंगल हाय, दुनिया हाय. आदी हे समदं तेल रेल्वेच्या डब्यांतनं जायचं. डबा वेळेवर न्हाय मिळाला तर तेल पडून. आता नळ पुरला की तेल आपल्या पायानं चालत जातं. ना गाडी, ना घोडा."

"आनि शेतं?" कुणीतरी विचारायचं.

"शेतावर माती लोटतो परत. दुसऱ्या साली त्याच्यावरनं नांगर फिरतो. पिकाचं नुकसान भरून देतात. खाली तेल चाललंय हे गाईला पन कळत न्हाय."

सांगताना यांचा चेहरा असा काही व्हायचा की मला हेवा वाटे. लाइन जिथे संपते तिथे कारखाना होतो, कारखान्याला वस्ती लागते, वस्तीला बाजार लागतो. जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे दोन वर्षांत चहाची दुकानं, सायकलची दुकानं, दवाखाना. हे सगळं यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यात आपला हात आहे याचा यांना अभिमान होता. हातही खरोखरच होता. नळाला मातीत गंज लागू नये म्हणून त्याच्यावर उकळतं डांबर ओतून वरून पट्टी गुंडाळतात, ते यांचं काम. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत डांबराने भाजल्याचे डाग होते. मी त्यांना खोबरेल लावायचे. वर्षातून आठ दिवस.

एकदा मी विचारलं, "हा नळ महाडला कधी येणार?"

हे हसले. "हिकडं कशाला येतोय? डोंगरात काय हाय?"

मला म्हणायचं होतं, मी आहे. म्हटलं नाही. ओटीवर चार पुरुष बसलेले होते.

माझे वडील मात्र थट्टा करायचे. "सासरा डब्याचा आणि जावई नळाचा! तुमचा नळ आला की माझं दुकान बसलं म्हणायचं." आणि मग हळूच मला विचारायचे, "खर्चाला वेळेवर पाठवतो ना?"

पाठवायचे. ते मी नाकारत नाही. नुसतं रडगाणं गायला मला आवडत नाही, फायदा झाला तो झाला. दर महिन्याला पोस्टमन पोलादपूरहून मनीऑर्डर घेऊन चढायचा. त्या पैशातून आमच्या घरावर कौलं आली. वाडीतलं पहिलं कौलारू घर आमचं, बाकी सगळी पेंढ्याची. गोठा बांधला. ओढ्याच्या कडेला स्वतःची विहीर खणली. यांच्या ओळखीने आसपासच्या वाड्यांतले दोघं-तिघंही लाइनवर लागले आणि त्यांच्या घरी नाचणीच्या जोडीला भात दिसू लागला. नळ आसामात पुरला जात होता आणि कौलं आमच्या डोंगरात चढत होती. मोठ्या गोष्टी अशाच दुरून येतात, हे मला तेव्हा कळलं.

पण विहीर झाली आणि पाणवठा सुटला. आधी सकाळी हंडा घेऊन वाडीच्या सगळ्या बायका एकत्र जायच्या, तिथे कुणाची गाय व्यालीपासून कुणाची सून रुसलीपर्यंत सगळं कळायचं. आता पाणी दारात. हंडा भरायला दोन मिनिटं पुरायची, आणि मग अख्खी सकाळ पुढे पडलेली असायची.

आता सावडीबद्दल सांगते, कारण माझी सगळी चूक तिथे झाली.

आमच्याकडे पावसाळ्यात शेत एकट्याने होत नाही. चिखलणी आणि लावणी चार दिवसांत आटपावी लागते, तेवढी माणसं कुणाच्याच घरी नसतात. मग सगळी घरं मिळून आज याच्या शेतात, उद्या त्याच्या शेतात असं काम करतात. त्याला सावड म्हणतात. तुम्ही माझ्याकडे एक दिवस आलात, की मी तुमच्याकडे एक दिवस यायचं. बाईचा दिवस बाईने फेडायचा, नांगराचा दिवस नांगऱ्याने. पैशाचा संबंध नाही. कुणी वहीत लिहीत नाही, पण कुणी विसरतही नाही.

बाईचे दिवस मी फेडत होते. लावणीला माझा हात सुरुवातीला हळू होता, बाजारपेठेतली मुलगी मी, पण शिकले. प्रश्न नांगराचा होता. आमच्या घरात पुरुष नाही. आमची खाचरं थोरले चुलत दीर आणि बाकीच्या घरांतले पुरुष आळीपाळीने नांगरून देत आणि ते दिवस यांच्या नावावर चढत. "आला की फेडील," असं दीर म्हणायचे. हे यायचे शिमग्याला, तेव्हा नांगर माळ्यावर. पावसात तिकडे खोदकाम थांबे, पण तेल पुढे ढकलणाऱ्या पंपांची घरं बांधायचं काम चाले, आणि जो पावसात गावी जाई त्याची जागा दुसरा घेई. मग हे पत्रातून सांगायचे. स्वतःला लिहिता येत नाही, म्हणून कुणाकडून तरी लिहून घेतलेलं: "खालचे खाचर आधी करणे. बांध बघणे. लाइन पुढे सरकली आहे." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. उंट कुठे, शेळ्या कुठे!

असे चार पावसाळे गेले. मी दुकानदाराची मुलगी. वडिलांनी एकच शिकवलं होतं, कुणाचं अंगावर ठेवू नये. थोरले दीर आमच्या खाचरात चिखलात पाय ओढत फिरताना दिसले की मला ओशाळं वाटायचं. त्यांना स्वतःचं शेत होतं, घरी म्हातारी आई होती. आणि माझ्या डब्यात मनीऑर्डरीचे पैसे होते.

चौथ्या वर्षी चिखलणी संपली त्या संध्याकाळी दीर ओढ्यावर पाय धुऊन ओट्याशी आले. मी एका ताटलीत नारळ, पानसुपारी आणि त्याखाली दुमडलेल्या नोटा ठेवल्या. डोक्यावर पदर घेऊन ताटली पुढे केली. मनात अगदी समाधान होतं, आज मोकळी झाले.

त्यांनी नारळ उचलला. नोटा पाहिल्या. मग नारळ परत ठेवला.

"मी काय मजूर हाय तुजा?" एवढंच म्हणाले. आवाजही चढवला नाही. नांगर खांद्यावर घेतला आणि गेले.

मला वाटलं, रागावले आहेत, उद्या उतरेल. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतात लावणी होती. मला हाक आली नाही. दर वर्षी त्यांची आई, म्हणजे माझी चुलत सासू, पहाटे अंगणातून "चल गो" म्हणून ओरडायची. मी वाट पाहिली आणि मग न बोलावताच गेले, डोक्यावर इरलं घेऊन. कुणी नको म्हटलं नाही. ओळीत जागा दिली, रोपाच्या मुठी हातात दिल्या. फक्त गाणं म्हणताना माझ्या शेजारची थांबायची आणि माझ्या पलीकडची पुढची ओळ उचलायची. दिवसभर पावसात वाकून लावत राहिले. म्हटलं, कामाने राग जाईल.

संध्याकाळी बायका बांधावर आल्या. चुलत सासूने कनवटीची पिशवी सोडली आणि सगळ्यांसमोर माझ्या तळहातावर दिवसाची मजुरी ठेवली. एकटीच्या. बाकी कुणाला नाही.

"घे. तुला रोकड आवडती न्हवं?"

मी ती घेतली. तिथे टाकून द्यायला हवी होती, ते सुचलं घरी पोचल्यावर. मला उत्तरं नेहमी घरी पोचल्यावरच सुचतात आणि तिथे ऐकायला कुणी नसतं. त्या दिवशी चुलीपुढे बसून मी जी रडले, तशी सासरे गेले तेव्हाही रडले नव्हते.

त्यानंतर पाच वर्षं आमचं शेत मजुरांनी केलं. वरच्या खोऱ्यातून माणसं यायची, काम करायची, पैसे घ्यायची, जायची. काम वाईट नव्हतं, उलट लवकर उरकायचं. पैशाला नकार देणारे मजूर थोडेच असतात! शेजारच्या शेतात सावडीची गाणी चालायची आणि मी बांधावर मजुरांच्या भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी असायचे. भांडण कुणाशीच नव्हतं. हळदीकुंकवाला बोलवायच्या, आजारी पडले तर काढा आणून द्यायच्या. पण पाहुणीला देतात तसा. माझ्या घरात बसताना पदर नीट करून बसायच्या. मी बडबडी बाई, भिंतींशी बोलायला लागले. मांजराला रागावायला लागले. एकदा पोस्टमनला इतका वेळ थांबवून घेतलं की तो म्हणाला, "ताई, पुढं दोन वाड्या हायत अजून."

यांना मी पत्रातून कळवलं: सावड तुटली, तुम्ही या. उत्तर आलं: लाइन बिहारात शिरली आहे, शेवटचा टप्पा आहे, हा झाला की येतो. शेवटचा टप्पा तीन वर्षं चालला. मी शाळेत भूगोलाच्या नकाशात आसाम आणि बिहार पाहिले होते. दोन्हींच्या मध्ये माझं एक बोट मावायचं. तेवढ्यासाठी एवढी वर्षं कशी लागतात हे काही मला उमगायचं नाही.

मग एका वर्षी मिरगाच्या आठ दिवस आधी हे आले. शिमगा नाही, सण नाही. खांद्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी. म्हणाले, "लाइन झाली. तेल सुरू झालं."

मी विचारलं नाही, आता परत जाणार का म्हणून. विचारलं की उत्तर मिळतं. हातपाय धुवायला पाणी दिलं आणि तांदळाची भाकरी टाकायला बसले. चुलीत जाळ इतका मोठा केला की पहिल्या दोन करपल्या.

दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, "नांगराचे दिवस कुनाकुनाचे हायत?"

मला तोंडपाठ होते. कुणी किती पावसाळे, कुणी किती दिवस, सगळे सांगितले. हे बोटांवर मोजत गेले. मग उठून थोरल्या दिरांच्या ओट्यावर गेले. मी कुंपणाआडून पाहत होते. वाटलं आता बोलाचाली होईल, माफी मागतील, माझं नाव निघेल. यांनी तंबाखू मळला, दिरांना अर्धा दिला आणि म्हणाले, "पाऊस लागला की तुमच्याकडं येतो."

"ये," दीर म्हणाले.

झालं. पाच वर्षं जे मी उरावर घेऊन बसले होते ते या दोघांनी तंबाखूच्या चिमटीत मिटवलं. मला आनंद व्हायला हवा होता. आधी रागच आला.

पाऊस लागला, रोपं लावणीला आली आणि हे जायला लागले. बैलजोडी त्यांची, हात यांचे, म्हणून नांगराच्या एका दिवसाला यांचे दोन दिवस, असं यांनी स्वतःहून ठरवलं. कुणी मागितलं नव्हतं. आज दिरांकडे, उद्या खालच्या घरी, परवा ओढ्यापलीकडे. उजाडताना जायचे, तिथेच जेवायचे, दिवेलागणीला यायचे. नऊ वर्षांत नांगराला हात लावलेला नव्हता, पहिल्या दोन दिवसांत तळव्याला फोड आले. मी म्हटलं, एक दिवस बसा. म्हणाले, "मोजून ऱ्हायले तेवढं करू दे."

आणि काय सांगू, पहिला आठवडा सरला न सरला तोच पहाटे अंगणातून हाक आली. "चल गो! रोपं काय तुजी वाट बगनार हायत?" चुलत सासूची. मी भाकरी तव्यावर टाकून धावले. ती तशीच जळली असणार. ओळीत उभी राहिले, माझ्या शेजारचीने गाणं म्हटलं आणि पुढची ओळ माझ्यावर सोडली. मी ती फाटक्या आवाजात उचलली. पाच वर्षांत गाणं विसरले नव्हते, पण सूर गेला होता. बायका हसल्या. मीही हसले.

तो महिना माझ्या आयुष्यातला सुखाचा महिना. यांचा नांगर पुढच्या खाचरात चाललेला आणि मी मागच्यात लावते आहे. बांधावर सगळ्यांबरोबर जेवताना हे तिकडे पुरुषांत, मी इकडे बायकांत, एकमेकांशी अक्षर बोलत नव्हतो. तरी मला वाटायचं, आला माझा माणूस. कुणाचे दिवस फेडतो म्हणजे इथे राहायचं ठरवलंय. ज्याला राहायचं नाही तो कशाला दुसऱ्याच्या चिखलात पाय घालील? मी मनातल्या मनात पुढच्या वर्षीच्या रोपांसाठी राब कुठे भाजायचा तेही ठरवून टाकलं.

लावणी संपत आली. आमचंही शेत त्याच सावडीत झालं, मजूर आणावे लागले नाहीत. शेवटी दिरांच्या वरच्या खाचराचा एक दिवस राहिला होता. दीर म्हणाले, राहू दे रे, पुढच्या साली बघू. हे ऐकेनात. एकटेच गेले आणि चिखलणी करून आले.

मी तेव्हा बांधावर रोपांच्या मुठी बांधत होते. चुलत सासू शेजारी बसून पाय दाबत होती. यांच्याकडे पाहत म्हणाली, "तुजा घो जातोय वाटतं परत."

"कशावरनं?"

"शेवटचा दिस बी फेडला न्हवं त्यानं? ऱ्हानारा मानूस एक दिस अंगावर ठेवतो गो. मंजे पुढल्या साली जायाला, बोलवायाला काय तरी ऱ्हातं. समदं फेडून मोकळा व्हतो तो जानारा."

मी म्हटलं, "काहीतरीच. ते फार वर्षं बाहेर होते, त्यांना हे माहीत नसेल."

"तो ह्याच वाडीत जन्मलाय," म्हातारी म्हणाली आणि उठली.

घरी आले तेव्हा हे ओटीवर वळकटीचा दोर नवा वळत होते. मी दारातच उभी राहिले.

"कधी?"

"उद्या सकाळची गाडी." मान वर केली नाही. "मुकादमानं निगतानाच सांगितलं व्हतं, लावनी झाली की ये. आता बिहारपास्नं कानपूरकडं नळ टाकायचाय. लांब हाय. पर ह्याला पगार चांगला. मला डांबराच्या टोळीचा पुढारी करनार हायत."

म्हणजे ज्या दिवशी मी दोन भाकऱ्या करपवल्या, त्या दिवशीही यांना माहीत होतं. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. मुंबईची माणसं गावी यायची वेळ, आणि हे निघाले होते.

"तुज्यासाठनंच फेडलं समदं," हे म्हणाले. आवाज मऊ होता, ते मला मान्य आहे. "आता तुला कोन बोलनार न्हाय. नांगराला मानूस मी सांगून ठेवलाय, दादाच करील. तू सावडीत ऱ्हा. एकटी पडू नको."

एकटी पडू नको! मला हसायला आलं. नऊ वर्षांत मी यांना कधी उलटून बोलले नव्हते. आठ दिवस येणाऱ्या माणसाशी कोण भांडतं?

"सगळ्यांचे दिवस फेडलेत तुम्ही," मी म्हटलं. "माझे?"

यांनी हातातला दोर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कपट नव्हतं त्या पाहण्यात. खरंच कळलेलं नव्हतं.

"तुजे कसले?" हे म्हणाले. "तू काय परकी हायस? आनि तुला काय कमी केलं मी? एक म्हयना चुकवला न्हाय. पैसं धाडलं का न्हाय?"

धाडले होते. एकही महिना चुकला नव्हता. परक्याला पैसे देतात आणि आपल्या माणसाला दिवस द्यावे लागतात, हे यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. महिनाभर, तळव्याचे फोड फुटेपर्यंत, हे वाडीभर तेच करत फिरले होते. माझ्या घरात तेवढं करायचं राहिलं, आणि ते राहिलं आहे हे यांच्या मनातही आलं नाही.

मी आत गेले. सकाळी भाकरी आणि सुकी चटणी बांधून दिली. पोलादपूरच्या फाट्यापर्यंत पोचवायला गेले. गाडी आली, यांनी पेटी टपावर चढवली, आणि "सांबाळून ऱ्हा" म्हणून आत बसले. गाडी महाडच्या दिशेने वळली. त्या दिवशी दिरांच्या वरच्या खाचरात लावणी होती. मी तिथूनच परस्पर शेतात गेले.

पुढच्या महिन्यात पोस्टमन आला. ओट्यावर बसून मनीऑर्डरीचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाला, "करा सही." मी केली, आणि त्याने नोटा माझ्या तळहातावर मोजल्या.